भित्रे वायरमन आबा

वायरमन आबा आमच्या घरी बल्ब बदलायला आले की आधी आम्हा सगळ्यांना अंगणात काढत. मग मेन स्विच बंद करत, फ्यूज उपटत, तो सदऱ्याच्या खिशात टाकत, खिशाचं बटण लावत आणि मगच स्टुलावर चढत. एवढं करूनही होल्डरला आधी टेस्टर लावत, मग हाताची मागची बाजू, आणि तीही तापल्या तव्याजवळ न्यावी तशी. एका बल्बला अर्धा तास. लग्न होऊन मी कळसच्या वस्तीवर आले त्या पहिल्याच आठवड्यात हा सोहळा पाहिला आणि मला हसू आवरेना. यजमानांना म्हटलं, "हे वायरमन होते म्हणता, मग इतके भितात कसे?" प्रकाश म्हणाले, "भित्रंच हाय म्हातारं. पयल्यापास्नं."

हे आबांच्या कानावर गेलं. त्यांना राग आला नाही, उलट मला ओट्यावर बसवून त्यांनी शिकवणीच घेतली. मी शाळेत शिकवते, म्हणून ते मला 'बाई' म्हणत. "हे बघा बाई, करंट दिसत न्हाय. त्याला वास न्हाय, आवाज न्हाय. आसल्या वस्तूला भ्यायचं न्हाय तर मग कशाला भ्यायचं? माझ्यासंगं नोकरीला चौघं लागलं हुतं. चौघंबी लय धाडशी. चौघांच्याबी फोटूला हार हाय." एवढं बोलून त्यांनी चहा घेतला, तोही बशीत ओतून, फुंकून फुंकून, कारण जीभ भाजण्याचीही त्यांना भीती होती.

आबा एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी इंदापुरात दिलेली. आमच्या शेताला लागून त्यांची दोन खोल्यांची जागा. दुपारची भाकरी आमच्या घरून जायची, आणि त्या बदल्यात वस्तीवरचं विजेचं सगळं काम ते फुकट करायचे. विहिरीत वाकून बघत नसत. स्कूटर सायकलीच्या वेगाने चालवत. फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवत. आणि कुत्र्यांना तर इतके भीत, की वस्तीवर येताना हातात दगड घेऊन येत आणि तो मारायचीही हिंमत नसल्यामुळे आमच्या ओट्यावर ठेवून जात. आमच्या ओट्यावर अशा दगडांची एक छोटी रास झाली होती.

म्हणून त्या दिवशी त्यांच्या स्कूटरवर कुत्रा बघून माझ्या हातातलं सूप खाली पडलं. आबा हायवेवरच्या पंपावर पेट्रोल भरायला गेले होते. तिथे चार दिवसांपूर्वी एक मोटार थांबली, दार उघडलं, हा कुत्रा खाली उतरला आणि मोटार निघून गेली, असं पंपावरच्या माणसांनी सांगितलं. तो प्रत्येक गाडीजवळ जाऊन आत बघायचा. आबांच्या स्कूटरजवळ आला, पाय ठेवायच्या जागेत चढला आणि तिथेच अंगाचं मुटकुळं करून बसला. त्याला हाकलायला हात लावावा लागला असता आणि आबांना ते शक्य नव्हतं. त्यांनी दोन्ही पाय बाहेर लोंबकळत ठेवले आणि तशीच गाडी घरापर्यंत आणली. "मी न्हाय आनला, बाई. त्यानं मला आनलं," ते म्हणाले. अंगावरचा सदरा घामाने चिंब झाला होता.

तपकिरी रंग, जमिनीला टेकतील असे लांब केसाळ कान, कायम ओले डोळे. मी फोनवर शोधून सांगितलं की ही स्पॅनियल जात आहे, महागाची असते. वस्तीने त्याला लोंबकान्या म्हणायला सुरुवात केली. आबांनी नाव ठेवलं फ्यूज. कारण विचारलं तर म्हणाले, फ्यूज आपल्याजवळ असला की जिवाला घोर राहत नाही. पण घोर दोघांनाही होता. पहिले तीन दिवस घरात कुत्रा आहे म्हणून आबा ओट्यावर आणि ओट्यावर आबा आहेत म्हणून कुत्रा घरात, अशी वाटणी चालली. मीच मध्ये जाऊन दोघांना जेवायला घालत होते.

त्या कुत्र्याला कुणीतरी खूप मारलं होतं. पाठीवर केसांखाली वळ लागायचे. मागच्या एका पायावर केस न उगवणारा पट्टा होता. कुणाचाही हात खांद्याच्या वर गेला, अगदी दोरीवरचा टॉवेल काढायला गेला तरी, तो जमिनीला चिकटायचा आणि जागेवरच मुतायचा. दुसऱ्याच दिवशी ते आबांच्या लक्षात आलं. तेव्हापासून त्या माणसाने कमरेच्या वर हात नेणं सोडलं. टॉवेलची दोरी खाली बांधली. केस विंचरायचे तर आधी खाली बसायचे. घरी कोणी आलं की पाणी विचारायच्या आधी सांगायचे, "हात खाली ठिवा, मानूस घाबरतंय." त्याला बोलवायचं तर मांडीवर हळूच दोन थापा मारायचे. थापा ऐकल्या की फ्यूज जिथे असेल तिथून कान उडवत धावत यायचा आणि त्यांच्या पोटरीला डोकं लावून उभा राहायचा.

कानांची तर कथाच होती. पाणी पिताना ते पाण्यात, जेवताना कालवणात. मग कान वाहायला लागले. आबांनी त्याला स्कूटरवर बारामतीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि या प्रवासात ट्रक बघून दोघंही थरथरत होते हे त्यांनी स्वतःच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, जेवताना कान कोरडे राहिले पाहिजेत. आबांनी जुन्या स्वेटरची बाही कापली आणि जेवणाच्या वेळी ती फ्यूजच्या डोक्यातून घालायला लागले, कान आत आणि तोंड बाहेर. वस्ती हसून हसून बेजार झाली. रोज संध्याकाळी ते ओट्यावर बसून माझ्या जुन्या कंगव्याने त्याच्या कानांतली कुसळं काढायचे. दातात बिडी, पण पेटवलेली नाही, कारण कुत्र्याच्या केसांवर ठिणगी पडेल.

हे सगळं आठवलं की मला बरं वाटतं, आणि मग लगेच तो शुक्रवार आठवतो.

मक्याची कणसं भरायला लागली होती. रानडुकरांनी दोन रात्रींत पाव रान लोळवलं. तिसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, प्रकाशनी मक्याच्या चारी बाजूंनी गुडघ्याच्या खाली एक तार ओढली. बांबूच्या खुंट्या आणि करंट बांबूत उतरू नये म्हणून तारेखाली प्लॅस्टिकच्या पाइपाचे तुकडे. तिची जोडणी विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधून. मी बघत होते. त्यांनी सांगितलं, "कुनाला बोलू नको. ह्या आठवड्याला लाईट रातचीच हाय. दिवसा तार म्हंजी नुसती तार."

आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. कोणत्या आठवड्याला कधी, हे इथल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पाणी द्यायचं, मजूर सांगायचे, सगळं त्यावर चालतं. त्यामुळे तारेची जोडणी सकाळी काढून ठेवावी असं प्रकाशना वाटलंच नाही. लाईटच नाही, तर काढायची कशाला? ते दुष्ट नाहीत. वेळापत्रकावर विश्वास ठेवणारे आहेत, आणि खरं सांगते, मीही ठेवला होता.

तरी मला भीती वाटत होती. आबा रोज सकाळी साडेआठला फ्यूजला घेऊन त्याच बांधावरून यायचे, आमच्याकडे चहा घ्यायचे, फिरून जायचे. सोमवारी चहा देताना ते माझ्या ओठांवर आलं होतं. मंगळवारीही. पण प्रकाशचा राग मला माहीत होता. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं की रानातल्या गोष्टीत मी पडायचं नाही. आणि मका आमचा होता. बुधवारी मी एवढंच म्हणाले, "आबा, फ्यूजला दोरी लावत जा. मक्यात डुकरं आहेत." आबांनी बशीवरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हय." गुरुवारी फ्यूजच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला दोरी होती.

शुक्रवारी प्रकाश खत आणायला इंदापूरला गेले होते आणि सासूबाई त्यांच्याबरोबर दवाखान्यात. मी शाळेत जायच्या गडबडीत अंगणात कपडे वाळत घालत होते. बांधावरून आबा काठी टेकत येताना दिसले, पुढे फ्यूज. अचानक गवतातून एक तितर फडफडत उठला. त्या जातीच्या रक्तातच पाखरांचा नाद असतो म्हणतात. फ्यूजने झटका दिला, पट्टा मानेवरून सरकून कानांवरून निघाला आणि तो तारेखालून मक्यात घुसला. तार त्याच्या पाठीला घासली असेल. काही झालं नाही. दिवसा ती नुसती तार होती.

आबा तारेपासून चार हातांवर थांबले. त्यांनी मांडीवर दोन थापा मारल्या. मी पिन लावता लावता बघत होते आणि मनात म्हणत होते, ये रे बाबा लवकर. तेवढ्यात आमच्या हौदावरच्या पाइपाने खाकरल्यासारखा आवाज केला. आधी हवा, मग थुंकल्यासारखं थोडं पाणी, मग धो धो धार.

मोटारीला ऑटो बसवलेला आहे. लाईट आली की ती आपोआप सुरू होते. रात्री लाईनवर बिघाड झाला होता आणि त्याची भरपाई म्हणून सकाळी लाईट सोडली होती, हे नंतर कळलं. तेव्हा मला फक्त पाण्याचा आवाज कळला. माझ्या हातातली साडी कुठे पडली ते आठवत नाही. मी ओरडले, "आबा, तारेत करंट आहे!" आणि विहिरीकडे पळत सुटले.

विहीर घरापासून असेल शंभर पावलं. पळताना मला बांध दिसत होता. मक्याची पानं हलत होती, एका रेषेत, आबांच्या दिशेने. थापा ऐकून फ्यूज येत होता. दवाने ओला झालेला, कान उडवत, आनंदात. तो जिथून आत गेला होता तिथूनच बाहेर येणार होता. आबांना ते माझ्याआधी कळलं. त्यांनी हातातली काठी डोक्याच्या वर उचलली.

मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "हाड्! मागं व्हय! हाड् तुझ्या!" असं ते किंचाळत होते, काठी आपटत होते, वाकून ढेकळं उचलून मक्यात फेकत होते. फ्यूज तारेजवळ आला होता. एक ढेकूळ त्याच्या तोंडावर फुटलं. तो केकाटला आणि जागेवर चिकटला, तारेपासून हातभर अंतरावर. आबा थांबले नाहीत. जरा हात खाली आला असता तर तो पुन्हा त्यांच्याकडे सरकला असता, म्हणून काठी तशीच उगारून ते उभे राहिले आणि त्याला शिव्या देत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी मेनचा खटका खाली ओढला. मोटार थांबली. मी ओरडून सांगितलं, "बंद केलं!" आबांनी काठी खाली घेतली नाही. "फ्यूज काढा!" ते म्हणाले. क्षणभर मला कळेना की ते कुत्र्याबद्दल बोलतायत की कशाबद्दल. "तिन्ही काढा आन् जवळ ठिवा, बाई!" मी तिन्ही फ्यूज उपटले. साडीला खिसा नसतो. मी ते कमरेला खोचले आणि बांधाकडे गेले.

आबा आता बांधावर बसले होते. त्यांनी मांडीवर दोन थापा मारल्या. फ्यूज आला नाही. तो मातीला चिकटून थरथरत होता, अंगाखालची माती ओली झाली होती. शेवटी मी तार ओलांडली आणि त्याला उचलून आणलं. आबांनी हात पुढे केला तसं त्याने माझ्या काखेत तोंड खुपसलं. आबांनी हात मागे घेतला.

दुपारी प्रकाश आले. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी स्वतः तार उपटली, गुंडाळली आणि आबांसमोर जाऊन उभे राहिले. "आबा, दिवसा लाईट नसती म्हनून..." आबा म्हणाले, "लाईटीला वार कळत न्हाय, प्रकाश." आणि ते आत निघून गेले. ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं प्रकाश मला नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन स्वतः गेले. रात्रभर डोळा लागला नव्हता. म्हटलं, "आबा, मला माहीत होतं. चार दिवस रोज तुम्हाला चहा दिला आणि सांगितलं नाही. मी भ्याले."

आबांनी भाकरी हातात घेतली. मग म्हणाले, "मलाबी ठावं हुतं."

"कसं?" मी विचारलं.

"वायरमन हाय मी, बाई. सोमवारीच बघितलं. तारंखाली पाइपाचं तुकडं कशाला लागत्यात? नुसत्या तारंला कोन लावतंय? तुमी दोरी लावा म्हनलात तवा तर पक्कंच झालं. पर प्रकाशला कसं म्हनायचं? तुमच्या घरची भाकरी खातो. त्यो म्हनंल, म्हाताऱ्याला काय कळतंय. वस्तीवर एकटा हाय मी, वाकडं घिऊन ऱ्हानार कुठं? म्हनून कुत्र्याला दोरी लावली आन् गप बसलो." त्यांनी भाकरी खाली ठेवली. "जलमभर करंटला भ्यालो, त्यात काय चुकलं न्हाय. हे पाच दिस मानसाला भ्यालो. त्यो दुसरा कुनी आला आस्ता बांधावरनं, शाळंतली पोरं आली आस्ती, मग? ह्ये भ्यानं येगळं, बाई. ह्यानं जीव वाचत न्हाय, जातो."

मी तिथेच बसून रडले. त्यांनी मला रडू दिलं.

फ्यूज जेवायला आबांकडे जायचा, राहायचाही तिथेच, पण हाताच्या अंतरात येईना. थापा मारल्या की उठून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा. त्याला वाटलं असणार की हाही माणूस शेवटी तसलाच निघाला. कुसळं मला काढावी लागत, स्वेटरची बाही मला घालावी लागे. आबा त्याच्याकडे पाठ करून बसायचे आणि मागे भाकरीचा तुकडा ठेवायचे. तुकडा जायचा, पण पाठीला कधी नाक लागलं नाही. मला ते बघवायचं नाही. एकदा म्हणाले, "तो विसरेल हो आबा." ते म्हणाले, "न विसरू दे. तारंपाशी जात न्हाय ना आता? मग झालं. माझ्यावर रुसून का हुईना, जित्ता हाय." हे बोलताना ते हसले, पण हात मांडीवरच होता, थापा मारायला निघालेला आणि थांबवलेला.

माघात त्यांच्या छातीत दुखू लागलं. बारामतीच्या दवाखान्यात सहा दिवस होते. मी भेटायला गेले तर मशीनच्या वायरींकडे बघून म्हणाले, "ह्यांचं अर्थिंग बघितलंय का कुनी?" मग हळूच विचारलं, "खातो का?" मी म्हटलं, खातो. रोज संध्याकाळी तुमच्या ओट्यावर जाऊन बसतो, हेही सांगितलं. ते खरं होतं. त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी ते गेले. त्यांच्या मुलीच्या घरी जागा नव्हती, म्हणून फ्यूज आमच्याकडे राहिला.

या वर्षी मका पुन्हा भरात आला आणि डुकरंही आली. परवा सकाळी प्रकाश आणि त्यांचे चुलते ओट्यावर बसून बोलत होते. चुलते म्हणाले, या खेपेला सकाळ-संध्याकाळ जोडणी काढ-घाल करू, मग कसली भीती. प्रकाश उठून शेडकडे निघाले. तारेचं भेंडोळं शेडमध्येच होतं.

मी चहाचे कप खाली ठेवले आणि शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. "जोडायची नाही," मी म्हणाले. चुलत्यांसमोर मी प्रकाशना असं कधी बोलले नव्हते. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. प्रकाश म्हणाले, "बाजूला व्हय." मी म्हटलं, "आज जोडली तर मी वस्तीवरच्या प्रत्येक घरी जाऊन सांगेन. शाळेतल्या पोरांनाही सांगेन." सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्यांची भीती वाटत होती, अजूनही वाटते. मी दारातून हलले नाही.